गुरुत्वाकर्षण आणि भौतिकशास्त्रातल्या कोड्यांवरची पुस्तके : इंदूरच्या मराठी वाचकांचे नेहमीचे प्रश्न

शाळा हिंदीत, घर मराठीत आणि हातातले पुस्तक इंग्रजीत, अशी इंदुरातल्या बऱ्याच मराठी वाचकांची तऱ्हा असते. खालचे प्रश्न मुख्यतः त्यांचेच आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातले काही प्रश्न पडणारही नाहीत.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

मराठीत वाचायचे असेल तर जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते'. ते खगोलशास्त्राचे पुस्तक आहे, पण गुरुत्वाकर्षण समजायला आधी आकाशच लागते. न्यूटनलाही चंद्र लागलाच होता. साधे इंग्रजी झेपत असेल तर जॉर्ज गॅमोचे १९६२ चे 'ग्रॅव्हिटी' घ्या. ते लहानसे आहे, चित्रे लेखकाचीच आहेत आणि सफरचंदापासून आइन्स्टाइनपर्यंतची वाट सरळ आहे. मधले कलनाचे प्रकरण अडले तर सोडून पुढे जा. त्यानंतर नारळीकरांचेच इंग्रजी 'द लायटर साइड ऑफ ग्रॅव्हिटी' आणि मग, दम असेल तर, किप थॉर्न यांचे १९९४ चे कृष्णविवरांवरचे जाडजूड पुस्तक.

पहिलेच पुस्तक स्ट्रिंग सिद्धान्ताचे घेऊ नये. पाया नसताना गच्ची बांधल्यासारखे होते.

गणित किती लागते?

दहावीचे पुरते. व्यस्त वर्गाचा नियम आणि दहाचे घात, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या हव्यात. तयारी आहे की नाही, हे पाहायला हे गणित करून बघा. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वी-त्रिज्यांवर आहे. अंतर ६० पट, म्हणजे ओढ ३,६०० पट कमी. जमिनीवरचे गुरुत्वीय त्वरण ९.८, त्याला ३,६०० ने भागले की ०.००२७ येतात. सेकंदभरातले पडणे त्याच्या निम्मे, म्हणजे चंद्र आपल्या सरळ वाटेपासून दर सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. एवढेसे पडणे त्याला वर्तुळात फिरवत ठेवायला पुरते. हे कागदावर जमले आणि मजा वाटली, तर कोणतेही लोकप्रिय पुस्तक तुम्हाला अडवणार नाही.

शाळेत हिंदीत शिकलो. मराठी पुस्तकातले शब्द का चकवतात?

बरेच शब्द दोन्हीकडे सारखे आहेत: बल, वेग, त्वरण, ऊर्जा, संवेग. त्यांचा त्रास नाही. काही शब्द वेगळे दिसतात, म्हणून ते लगेच खटकतात आणि वाचक शोधून काढतो. हिंदी द्रव्यमान म्हणजे मराठी वस्तुमान, घनत्व म्हणजे घनता, तरंगदैर्घ्य म्हणजे तरंगलांबी, नाभिक म्हणजे केंद्रक, आवेश म्हणजे प्रभार. (मराठीत आवेश भाषणात असतो, इलेक्ट्रॉनवर नव्हे.)

खरा घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या अर्थाच्या शब्दांत. त्यांत पहिला नंबर 'अणू'चा. हिंदी पाठ्यपुस्तकात परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि मॉलिक्यूलला रेणू. हिंदी सवयीने मराठी पान वाचले तर वाक्य व्याकरणाने बरोबर लागते आणि अर्थाने साफ चुकते. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तसाच 'ताप': हिंदीत ते तापमान, मराठीत तो अंगात येतो. 'आकाशगंगा' हा शब्द मराठीत आपल्या एकट्या दीर्घिकेसाठी राखलेला असतो. बाकीच्या त्या सगळ्या दीर्घिका. हिंदीत मात्र तोच शब्द कुठल्याही गॅलेक्सीला लावलेला सर्रास आढळतो.

मोठ्या आकड्यांत हिंदीचा अरब म्हणजे मराठीचा अब्ज, दोन्ही शंभर कोटी. इंग्रजी बिलियनही तेवढेच. भाषांतरात मिलियन-बिलियनची गल्लत झाली की विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षांऐवजी १.३८ कोटी वर्षे छापले जाते. तेव्हा तर डायनोसॉर नाहीसे होऊनही पाच कोटी वर्षे उलटली होती. असा आकडा दिसला तर त्या भाषांतरातल्या बाकीच्या आकड्यांवरही विसंबू नका.

पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रकाने करून शब्द लिहीत जा. वीस-पंचवीस शब्दांत काम भागते.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक पुस्तके एवढा उगाळतात कशाला?

कारण तो कळला नाही तर आइन्स्टाइनचे पहिले पाऊलच कळत नाही. सराफ्यातले उदाहरण घ्या, रात्रीच्या खाऊगल्लीचे नव्हे, दिवसाच्या सोन्याच्या दुकानांचे. दोन पारड्यांचा जुना तराजू एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूच्या ओढीशी ताडतो. गुरुत्वाकर्षण कमी-जास्त झाले तरी ते दोन्ही पारड्यांवर सारखेच, म्हणून तो चंद्रावरही दहा ग्रॅमला दहाच ग्रॅम दाखवील. तो वस्तुमान मोजतो. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र ओढ मोजतो आणि ग्रॅममध्ये बदलून दाखवतो. इंदूरचे अक्षांश सुमारे २२.७ अंश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५५० मीटर. त्यावरून इथले गुरुत्वीय त्वरण सुमारे ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग निघते. ते ९.८१ असलेल्या युरोपातल्या एखाद्या गावी काटा जुळवला आणि तसाच इथे आणून ठेवला, तर १० ग्रॅम सोने सुमारे २४ मिलिग्रॅम कमी दाखवील. म्हणून काटा जागेवर प्रमाणित वजन ठेवून जुळवतात.

आता मुद्दा असा की ढकलायला जड जाणारे वस्तुमान आणि पृथ्वीने ओढले जाणारे वस्तुमान तंतोतंत सारखे का असावे, याला न्यूटनकडे उत्तर नव्हते. आइन्स्टाइनने त्या योगायोगालाच नियम मानले, त्यालाच समतुल्यता म्हणतात. चांगले पुस्तक इथे थांबते आणि निदान चार-पाच पाने देते. एका परिच्छेदात उरकले असेल तर पुढची सगळी प्रकरणे हवेत राहतात.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक कसे पारखावे?

दहा मिनिटे पुरतात. मागची सूची उघडा आणि तीन जागा वाचा.

पहिली, भरती-ओहोटी. दिवसात भरती साधारण दोनदा का येते, हे नीट सांगितले आहे का? 'चंद्र पाणी ओढतो' एवढ्यावर थांबलेले पुस्तक एकच फुगवटा समजावते. भरती ओढीमुळे नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. चंद्राकडची बाजू पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, म्हणून फुगवटे दोन. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट, तरी त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण फरक अंतराच्या घनाने घटतो. हे ज्याने लिहिले त्याला विषय कळला आहे.

दुसरी, अवकाशस्थानकातले तरंगणे. 'तिथे गुरुत्वाकर्षण नसते' असे वाक्य सापडले तर पुस्तक परत फळीवर ठेवा. ४०० किलोमीटर उंचीवर जमिनीवरच्या ८८ टक्के गुरुत्वाकर्षण असते. अंतराळवीर सतत पडत असतात आणि स्थानकही त्यांच्याबरोबर पडत असते.

तिसरी जागा म्हणजे शेवटचे प्रकरण. 'कदाचित', 'अजून तपासलेले नाही' असे शब्द तिथे आहेत का ते पाहा. कोड्यांवरच्या पुस्तकात सगळेच ठामपणे सांगितले असेल तर ते पुस्तक कोड्यांवरचे नाही.

ताणलेल्या रबरी चादरीवर गोळा ठेवलेले चित्र सगळीकडे असते. ते बरोबर आहे का?

अर्धवट आहे, आणि त्याने जितके कळते तितकेच बिघडते. गोळा चादरीत खड्डा पाडतो तो खालून पृथ्वी ओढते म्हणून, म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरले. त्याहून मोठी उणीव म्हणजे चादरीवर फक्त अवकाश दिसतो, काळ नाही. रोजच्या पडण्यात जवळजवळ सगळे काम काळाचे वाकणे करते.

चेंडू सरळ वर फेका, दोन सेकंदांत हातात येऊ द्या. तो ४.९ मीटर वर जाऊन येतो. कमान डोळ्यांना चांगलीच दिसते. पण अवकाशकालात वेळही अंतर म्हणून मोजायची असते आणि मोजपट्टी प्रकाशाची. दोन सेकंद म्हणजे सहा लाख किलोमीटर. सहा लाख किलोमीटर लांबीच्या वाटेत ४.९ मीटरचा फुगवटा! ती कमान ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या काढली तर जवळपास एक प्रकाशवर्ष येते. बंदुकीची गोळी झाडा की लिंबू फेका, त्रिज्या तीच. ती चेंडूवर नाही, पृथ्वीवर अवलंबून आहे. हे गणित चादरीवर कधीच दिसणार नाही.

काळ वाकतो म्हणजे काय, तर उंचावरचे घड्याळ किंचित पुढे धावते. मुंबईत समुद्रसपाटीवर आणि इंदुरात अशी दोन आदर्श घड्याळे ठेवली तर इंदूरचे घड्याळ वर्षाला सुमारे १.९ मायक्रोसेकंद पुढे जाईल. जीपीएस उपग्रहांवर हा हिशेब दिवसाला ३८ मायक्रोसेकंद होतो. उंचीमुळे ४५ पुढे, वेगामुळे ७ मागे. दुरुस्ती केली नाही तर चूक दिवसाला काही किलोमीटरने वाढत जाईल.

चादरीचा उपयोग प्रकाश वाकण्याच्या प्रकरणात थोडा होतो. सूर्याच्या कडेजवळून येणारा तारकाप्रकाश १.७५ कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वळतो. त्यातला निम्मा भाग काळाच्या वाकण्याचा, निम्मा अवकाशाच्या. १९१९ च्या ग्रहणात निम्मा की पूर्ण, हेच तपासायचे होते.

पुस्तक किती जुने चालते?

विषयावर अवलंबून आहे. न्यूटन, भरती, समतुल्यता, बुधाच्या कक्षेचे शतकाला ४३ कोनीय सेकंदांचे जादा सरकणे, हे शिळे होत नाही. १९१७ साली आइन्स्टाइनने सामान्य वाचकांसाठी स्वतः लिहिलेले सापेक्षतेचे पुस्तक आजही वाचता येते. फक्त त्याला सावकाश वाचणारा लागतो.

बाकीच्यांसाठी चार वर्षे लक्षात ठेवा. १९९८ पूर्वीचे पुस्तक विश्वाचे प्रसरण मंदावते आहे असे धरून चालते. त्या वर्षी ते वेगावते आहे असे दिसले. २०१२ पूर्वीच्या पुस्तकात हिग्ज कण शोधायचा बाकी असतो. २०१६ पूर्वीच्या पुस्तकात गुरुत्वीय लहरी (अवकाशकालातले तरंग) प्रत्यक्ष सापडलेल्या नसतात: लहर पोहोचली १४ सप्टेंबर २०१५ ला, जाहीर झाली ११ फेब्रुवारी २०१६ ला. आणि २०१९ पूर्वी कृष्णविवराच्या सावलीचे छायाचित्र नव्हते, त्यामुळे आतली सगळी चित्रे चित्रकाराची. जुने पुस्तक टाकाऊ नाही. त्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीने पुढची तारीख लिहायची. थॉर्न यांच्या पुस्तकातले लहरींचे प्रकरण तर आज जास्त रंगते, कारण शेवट आपल्याला ठाऊक असतो.

खजुरी बाजारातून जुनी प्रत घेताना काय पाहावे?

आधी प्रताधिकाराचे पान. तिथे पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगळे असते. २०१८ चे पुनर्मुद्रण म्हणजे मजकूर २०१८ चा, असे नव्हे. 'सुधारित आवृत्ती' असे शब्द असतील तरच मजकूर बदललेला असतो.

मग कुठलेही दहाच्या घाताचे पान काढा. चोरट्या छपाईच्या आणि घाईने स्कॅन केलेल्या प्रतींत डोक्यावरचा घात खाली उतरतो. पहिल्या गुरुत्वीय लहरीचा ताण होता १० चा उणे २१ वा घात. तो '१०-२१' असा छापला की वाचकाला दहा ते एकवीस वाटतो. अशा प्रतीत आकृत्याही काळ्या गिचमिड असतात आणि आलेखावरची अक्षरे लागत नाहीत. कथाकादंबरीला अशी प्रत चालून जाते. इथे पैसे वाया. शेवटची सोळा-वीस पाने सूचीसकट आहेत ना, हेही मोजा. बांधणी सुटली की आधी तीच गळतात.

कोड्यांपैकी खरी कोणती आणि पुस्तक खपवण्यासाठी कोणती?

दोन ढीग करा. पहिल्या ढिगात मोजमापातून आलेली कोडी: आकडा हातात आहे, कारण नाही. दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फार वेगाने फिरतात. एक तर न दिसणारे द्रव्य आहे किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियम तिथे बदलतो. बहुतेक शास्त्रज्ञ पहिल्या पर्यायाकडे आहेत, पण तो कण अजून कोणी पकडलेला नाही. विश्वाच्या हिशेबात नेहमीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य (तेच न दिसणारे) २७, कृष्णऊर्जा (प्रसरण वेगावणारी) ६८. प्रसरणाचा दर विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून येणाऱ्या आदिम प्रकाशावरून काढला तर ६७ च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून काढला तर ७३ च्या आसपास. हा फरक मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठा दिसतो. आणि एक कोडे पुस्तके विसरतात, आमच्या मते सगळ्यांत लोभस तेच: गुरुत्वस्थिरांक, न्यूटनच्या सूत्रातला G. कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांनी प्रयोग केला, त्याला सव्वादोनशे वर्षे झाली. तरी मूलभूत स्थिरांकांत हाच सर्वांत ढोबळ माहीत आहे, आणि उत्तम प्रयोगशाळांची उत्तरेही एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. कारण गुरुत्वाकर्षण कमालीचे दुबळे आहे. दोन प्रोटॉनांमधले विद्युतबल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या १० च्या ३६ व्या घाताएवढे पट मोठे. शेजारून गेलेला ट्रकही प्रयोग बिघडवतो.

दुसऱ्या ढिगात कागदावरची कोडी: कृष्णविवरात गेलेल्या माहितीचे काय होते, गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम रूप कसे असेल, अनेक विश्वे आहेत का. पहिली दोन गंभीर आहेत, त्यांच्यावर मोठी माणसे आयुष्य घालवतात, पण मोजमाप हाती नाही. तिसऱ्यावर पाने कमी खर्च करावीत.

वाचताना समासात मोजलेल्या गोष्टीपुढे 'मो' आणि अंदाजापुढे 'अं' लिहा. शंभर पानांनंतर लेखकाचा कल आपोआप दिसतो.

हॉकिंग यांचे पुस्तक दरवेळी अर्ध्यात सुटते. काय चुकते?

वाचकाचे फारसे नाही. 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' (१९८८) मध्ये एकच समीकरण आहे. प्रत्येक समीकरणाने खप निम्मा होईल असे त्यांना सांगण्यात आले होते, हे त्यांनीच लिहिले आहे. समीकरणे गेली, पण अवघडपणा गेला नाही, तो वाक्यांत दडला. काल्पनिक काळाचा भाग आला की बहुतेकांची गाडी तिथे थांबते. उपाय: कृष्णविवरांची प्रकरणे आधी वाचा, काल्पनिक काळाला पहिल्या वाचनात हात लावू नका, आणि दिवसाला आठ-दहा पानांच्या वर जाऊ नका.

नारळीकरांची सगळी मते आजची मानावीत का?

गुरुत्वाकर्षण, तारे, कृष्णविवरे यांबाबत निःशंक वाचा. मराठीत इतके स्वच्छ कोणी लिहिलेले नाही. विश्वाच्या उत्पत्तीबाबत मात्र ते फ्रेड हॉईल यांच्यासह महास्फोटाच्या विरोधी बाजूचे होते आणि अखेरपर्यंत त्यांनी ती बाजू मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला आहेत. ती प्रकरणे वकिलाचा युक्तिवाद म्हणून वाचा. युक्तिवाद उत्तम आहे.

पुस्तकातले काही घरी ताडून पाहता येते का?

लंबक. घट्ट खिळ्याला बारीक, न ताणणारा दोरा बांधा आणि खाली जड, आटोपशीर वस्तू. लोखंडी नट उत्तम, कुलूपही चालते. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. पंखा बंद. नट १५ सेंटिमीटरहून कमी बाजूला नेऊन नुसता सोडा, ढकलू नका. तो सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना 'शून्य' म्हणून घड्याळ सुरू करा आणि त्याच दिशेने परत जाताना 'एक'. वीस झोके मोजा. १५,७९१ ला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि लागलेल्या सेकंदांच्या वर्गाने भागा. इंदुरात ४०.२ सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा आणि उत्तर ९.८ जवळ यायला हवे.

उत्तर १०.८ आले तर 'शून्य'ऐवजी 'एक' म्हणून मोजणी सुरू केली, एकोणीसच झोके झाले. ९.५ च्या खाली आले तर झोका फार मोठा दिला. तीस अंशांवर कालावधी १.७ टक्के वाढतो. लांबी नटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजली तर उत्तर एक-दोन टक्के कमी येते. दरवेळी वेगळे उत्तर येत असेल तर खिळा हलतो आहे. बोट दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूक उत्तरात एक टक्का होते. ती नको असेल तर पन्नास झोके मोजा. तेव्हा गुणक ९८,६९६ घ्या.

या सगळ्यात इंदूरचा काही संबंध आहे का?

आहे, आणि थेट. ज्याला गावात सगळे 'कॅट' म्हणतात ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या भागीदार संस्थांपैकी एक आहे. पुण्याची आयुका आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था बरोबर आहेत. वेधशाळा होते आहे महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याआधीच्या पुस्तकांत ती 'प्रस्तावित' असते.

'आइन्स्टाइन चुकला' असे मुखपृष्ठावर असेल तर?

घेऊ नका.

मुलांना कितव्या वर्षी द्यावे?

सातवी-आठवीत गोष्टींतून: नारळीकरांच्या विज्ञानकथा चालतात, 'यक्षांची देणगी' पासून. नववीत गुरुत्वाकर्षण शिकवू लागले की गॅमो, पण बरोबर बसून. लंबक मात्र पाचवीतल्या मुलालाही द्या. झोके मोजायला त्याच्याइतका चोख माणूस घरात दुसरा नसतो.

चौघांनी मिळून वाचायचे असेल तर?

आठवड्याला एकच प्रकरण. प्रत्येकाने आपले 'मो' आणि 'अं' घेऊन यायचे आणि जिथे दोघांच्या खुणा वेगळ्या निघतील तेवढीच पाने पुन्हा मोठ्याने वाचायची. दीड तास पुरतो, पोहे धरून.